एकसष्ट नंबरची कुंडी

१

"कुंपणानंच शेत खाल्लं, काकू," तारा म्हणाली आणि तिनं एक कागद आमच्या चहाच्या ट्रेवर आपटला. "पप्पांची तीन झाडं कोणीतरी बदललीत. कोणीतरी म्हणजे प्रमिलाबाईनं."

काकू म्हणजे आमची जयश्री, माझी बायको. सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये तिनं अठ्ठावीस वर्षं कापडाच्या शेड जुळवल्या. गिऱ्हाईक म्हणायचं रंग चुकलाय, मिल म्हणायची बरोबर आहे, मग दोन्ही तुकडे जयश्रीपुढे यायचे. ती ते खिडकीत नेऊन बघायची आणि कोण खोटं बोलतंय ते सांगायची. रिटायर झाल्यापासून ही नजर घरातच फिरते, म्हणजे माझ्यावर. मी छगन सोनवणे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जन्मभर मालाच्या बिल्ट्या लिहिल्या. त्यामुळे बाहेरचं कोणी भानगड घेऊन दारात आलं की मला मनापासून बरं वाटतं.

ताराचे वडील श्रीरंग भामरे आमचे जुने शेजारी. धुळ्याहून मिलमध्ये इंजिनियर म्हणून सुरतेला आले आणि उधन्याच्या घराच्या गच्चीवर तीस वर्षं निवडुंग वाढवत बसले. दोनशे चौदा कुंड्या. गेल्या गणपतीत ते गेले. आता तारानं सगळा संग्रह शहरातल्या एका कॉलेजच्या बागेला द्यायचं ठरवलं होतं, आणि झाडांबरोबर प्रमिलाबाईही तिथे कायमची माळीण म्हणून जाणार होती. एकोणीस वर्षं त्या कुंड्यांना तीच पाणी घालत होती.

कागद कॉलेजकडून आला होता. चाळीस दुर्मिळ झाडांचा एकेक कण कापून त्यांची जनुकं तपासली होती. सदतीस झाडं लेबलावरच्या नावाशी जुळली. सतरा, अडतीस आणि एकसष्ट या तीन नंबरांपुढे लाल फुली होती. नाव एक आणि कूळ भलतंच.

"दिसायला हुबेहूब तशीच झाडं आणून ठेवलीत," तारा म्हणाली. "गच्चीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. सोमवारी मी कॉलेजला सांगणार, हिला घेऊ नका. आणि तिथून पोलिसात जाणार."

"तिला विचारलंस का?" जयश्रीनं विचारलं.

"विचारायचं काय त्यात? मंगळवारी वॉचमनसमोरच बोलले मी तिला."

ते आमच्या कानावर आलंच होतं. वॉचमननं ऐकलेलं पांडेसऱ्यातल्या प्रमिलाबाईच्या गल्लीत तासाभरात पोचलं. ज्या दोन घरी ती पोळ्या करायची त्यांनी बुधवारपासून येऊ नको म्हणून निरोप धाडला. एकोणीस वर्षांत कमावलेलं नाव एका दुपारी गेलं. आज शनिवार होता, म्हणजे उरलेली नोकरी जायला दोन दिवस होते.

तेवढ्यात ताराचा फोन वाजला. ज्यानं ही तपासणी केली तो कॉलेजातला संशोधक, कुंदन पवार. तारानं स्पीकर लावला.

"मॅडम, पोलिसात अजिबात जाऊ नका," पलीकडून धापा टाकत आवाज आला. "तुमचं एकही झाड चोरीला गेलेलं नाही."

२

तासाभरानं आम्ही सगळे श्रीरंगरावांच्या गच्चीवर होतो. हिरव्या जाळीखाली रांगाच रांगा. त्या गच्चीवर मी शंभरदा चहा प्यायलो असेन, पण काट्यांकडे नीट बघितलं नव्हतं. आपण शेजाऱ्याच्या छंदाकडे बघतच नाही, फक्त 'वा वा' म्हणतो.

कुंदन तिशीचा, किडकिडीत आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. "इतकी वर्षं निवडुंगांची घराणी आकारावरून, काट्यांवरून, फुलांवरून लावली," तो म्हणाला. "आता जनुकं वाचता येतात आणि यादी उलटीपालटी झालीय. हे सतरा नंबरचं बघा. लेबल म्हणतं ममिलारिया. जनुकं म्हणतात, नाही, याचं घर कोकेमिया. जगभर ती नावं अशीच बदललीत. झाड तेच आहे, मॅडम. आपण त्याला चुकीच्या आडनावानं हाक मारत होतो."

मग तो अडतीस नंबरपाशी गेला. माझ्या डोक्याइतका उंच हिरवा खांब. त्यानं एक हात खांबावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं खालच्या रांगेतला एक मुठीएवढा काटेरी चेंडू दाखवला.

"या खांबाचं सगळ्यांत जवळचं नातं याच्याशी आहे. शेजारच्या त्या दुसऱ्या खांबाशी नाही."

"खांब आणि चेंडू भावंडं?" मी विचारलं.

"एकाच आईची लेकरं म्हणा, काका. आई लाखो वर्षांपूर्वीची. कोणी वर वाढलं, कोणी जमिनीला चिकटून राहिलं, पण आतला मजकूर अजून सांगतो की आम्ही एक आहोत."

मी त्या दोघांकडे बघत उभा राहिलो. देवळात अचानक पडदा बाजूला व्हावा तसं वाटलं. ज्या गोष्टीला मी तीस वर्षं नुसते काटे समजत होतो तिच्या आत इतकी जुनी, इतकी लांबची कहाणी लिहिलेली होती आणि ती कुठल्याशा नळीत घालून कोणीतरी वाचली होती. श्रीरंगराव तासनतास इथे का बसायचे ते मला त्या दिवशी कळलं. थोडं उशिरा कळलं याचं वाईटही वाटलं.

"आणि हे एकसष्ट," कुंदनचा आवाज खाली आला. नारळाएवढा गोल निवडुंग, त्यावर त्याच सकाळी उमललेलं लालभडक फूल. "लेबलावर एकिनॉप्सिस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या उंच डोंगरातलं कूळ. जनुकं म्हणतात, पार दुसरीकडच्या गवताळ माळावरचं. मधे हजारभर मैल. तिकडे हमिंगबर्ड नावाचा पक्षी असतो, आपल्या शिंजीराएवढा. त्याला लाल रंग दिसतो, म्हणून कितीतरी वेगवेगळ्या कुळांनी एकाच पाहुण्यासाठी लाल वेश केलाय. फूल बघून नातं लावायला जाल तर फसाल. पण इतकं साम्य? हा मोठा शोध आहे, काकू. मी लेख लिहायला घेतलाय."

जयश्री फुलापाशी वाकली होती. "मिलमध्ये हे रोजचं होतं," ती म्हणाली. "दोन तुकडे ट्यूबलाइटखाली सख्खे जुळे, उन्हात नेले की एक तांबूस, एक जांभळट. रंग वरून सारखा, आतला मसाला वेगळा. दिसतं तसं नसतं, म्हणून तर आमच्या लॅबला पगार होता."

"म्हणजे पटलं ना तुम्हाला?" कुंदन म्हणाला. "चोरी झालीच नाही."

"दोन झाडांपुरतं पटतंय. तिसऱ्याचं बघू."

"तिसरं मन्हं नही शे, ताई."

आम्ही वळलो. गच्चीच्या दारात प्रमिलाबाई उभी होती, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"सतरा आन अडतीस जुनाच शेतस," ती म्हणाली. "पन एकसठ ते नही. ते कोनीतरी बदलेल शे."

३

"बघा," तारा म्हणाली. "स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय."

"चोर असा कबूल करत नाही," जयश्री म्हणाली. ती अमळनेरची. प्रमिलाबाईजवळ जाऊन तिनं सरळ अहिराणीतच विचारलं, "कधी समजनं तुले, बहिन?"

"संक्रांतना मांगे. पानी घालाले गयी ते माती येगळीच लागनी हातले. पन कोनले सांगू? झाड ते तसंच दिसस. मन्हावर कोन इस्वास ठेवी?" तिचा आवाज फुटला. "आते ते म्हनतस का मीच चोर."

जयश्रीनं तिला कठड्यावर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, नंबर आणि लेबलं कोण सांभाळायचं?

"भाऊ लिखेत, मी खोसू," प्रमिलाबाई म्हणाली. भाऊ म्हणजे श्रीरंगराव. "माले इंग्रजी वाचता येत नही. पन भाऊ सांगेत, नाव बदलनं तरी जुनं नाव फेकानं नही. नवं वर लावानं, जुनं खाले मुळीसजोडे गाडानं. मानूसना मांगे बाप-आजानं नाव ऱ्हास, तसं झाडना खाले बी ऱ्हावाले पाहिजे."

ताराचा चेहरा कोरा. "पप्पांनी मला हे कधीच सांगितलं नाही."

"कोनलेच नही सांगं. लोके हसतीन म्हने."

जयश्रीनं चमचा मागितला. माझ्याकडे बघून मागितला, म्हणजे खाली जाऊन आणायचा मीच. आल्यावर तिनं सतरा नंबरच्या कुंडीत कडेकडेनं उकरलं. मुळांच्या जवळून प्लास्टिकच्या तीन पट्ट्या निघाल्या. सूत गुंडाळायच्या जुन्या कोनातून कापलेल्या, सुईनं नावं कोरलेल्या. तीन वेळा बदललेलं नाव, एकाखाली एक. अडतीसमधून दोन निघाल्या. दिवंगत माणसानं मातीत ठेवलेली ती नावं कुंदननं पुसून कठड्यावर ओळीनं मांडली.

मग एकसष्ट. तारानं श्रीरंगरावांची झाडांच्या नोंदींची वही काढली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं: आधी लोबिव्हिया, नंतर एकिनॉप्सिस. म्हणजे खाली निदान एक पट्टी हवी. जयश्रीनं पूर्ण गोल फिरून, तळापर्यंत चमचा घातला.

काही नव्हतं.

"तारा तिन्ही चोऱ्या म्हणते, कुंदन एकही नाही म्हणतो," जयश्री हात झटकत म्हणाली. "दोघंही अर्धे बरोबर. सतरा आणि अडतीस जागची हललेली नाहीत, फक्त त्यांचं कूळ आपल्याला आज कळलं. एकसष्ट मात्र गेलं. कोणीतरी जुनं झाड मातीच्या गोळ्यासकट उचललं, तेव्हा मुळांतली पट्टी त्याच्याबरोबर गेली. वरचं लेबल तेवढं कुंडीत राहिलं."

कुंदनचा मोठा शोध म्हणजे कोणीतरी आणून ठेवलेलं बदली झाड होतं.

"आणि प्रमिलाबाई?" तारानं विचारलं.

"पट्ट्या गाडणारी ती. तिनं बदललं असतं तर जुनी पट्टी नव्या झाडाखाली घालायला ती विसरली असती? आणि चोरी लपवायची असती, तर कुंदन एकही झाड गेलं नाही म्हणतच होता. तिनं गप्प बसायचं होतं. एकसष्ट वेगळं आहे हे आपल्याला तिनंच सांगितलं."

तारानं मान खाली घातली, पण पूर्ण नाही. "मग कोण? दिसायला इतकं सारखं झाड आणलंय. फूलसुद्धा तेच. पप्पांच्या मोबाईलमध्ये फोटो आहे, दरवर्षीचा. असाच लाल."

जयश्रीनं झटकन वर बघितलं. "कधी उमलतं हे?"

"वर्षातून एकदा. सकाळी उघडतं, दुसऱ्या दिवशी संपतं."

"मग चोरानं ते फूल स्वतः पाहिलेलं आहे," जयश्री म्हणाली. "आता मला सांग, या गच्चीवर सकाळी कोण यायचं?"

४

घरचे, पप्पांचे मित्र, कोणीही यायचं, तारा म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी नको, म्हणून आम्ही आधी सगळ्यात सोयीच्या संशयिताकडे गेलो. संदीप, श्रीरंगरावांचा पुतण्या. हजीरा रोडवर त्याची नर्सरी. फोनवर झाडं विकतो, आणि काकांच्या संग्रहावर त्याचा डोळा आहे हे साऱ्या उधन्याला माहीत.

रिक्षात कुंदन स्वतःच म्हणाला, "काकू, माझ्यावर संशय नाही?"

"होता," जयश्री म्हणाली. "पण झाड तू नेलं असतंस तर कण त्याच नेलेल्या झाडाचा कापून तपासला असतास आणि फुली आलीच नसती. तपासणी होणार हे ज्याला ठाऊक होतं त्यानं हे केलेलं नाही."

कुंदनला हे ऐकून बरं वाटलं की वाईट ते त्याच्या तोंडावरून कळेना.

संदीप कुंड्यांच्या ढिगाऱ्यात पाइप घेऊन उभा होता. सुरतेत जन्मलेला, बोलण्यात तीन भाषांची भेळ. "जुओ काकी, सीधी बात," तो म्हणाला. "मला ते झाड हवं होतं. काकांकडे दहा वेळा मागितलं. पण काकांनी नाही म्हटलं म्हणजे नाही."

"फूल बघितलंस कधी त्याचं?"

"नाही बा. मी जायचो रविवारी संध्याकाळी. ही फुलं सकाळची."

"असं कोणीही म्हणेल," मी म्हणालो. मधूनमधून मलाही बोलायचं असतं.

संदीप हसला, खिशातून फोन काढला आणि अंगठ्यानं वर वर सरकवत दोन वर्षं मागे गेला. निवडुंगवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यात एकसष्टचा फोटो आणि खाली संदीपची जाहिरात: याची पिल्लं लवकरच मिळतील, सुंदर पिवळं फूल.

"काकांनी पिल्लू दिलंच नाही. आणि पिवळं लिहिलं म्हणून ग्रुपवर सगळ्यांनी माझी जी टर उडवली," तो म्हणाला. खाली खरंच हसऱ्या तोंडांची रांग होती. "मग नाद सोडला मी. काका गेल्यापासून तर गच्चीवर पाऊलही नाही, प्रमिलाबाईला विचारा."

जयश्रीनं तो फोटो आणि तारीख नीट बघितली. "लाल रंग यानं नुसता ऐकलाय, तसंच दिसणारं फूल शोधून आणणारा हा नव्हे," ती मला म्हणाली. "याला हसणाऱ्यांत पहिला कोण आहे, बघा."

मी चष्मा वर केला. संदीपच्या जाहिरातीखाली पहिलं वाक्य होतं: 'बाळ, ते फूल लाल आहे. मी ते बावीस वर्षं चितारतोय.' पाठवणारे भगवान चौधरी.

मी जयश्रीकडे बघितलं. श्रीरंगरावांच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांत त्यांचे जुने मित्र भगवानमास्तर पहिले होते.

५

भगवानमास्तर साड्यांवरच्या छापाची डिझाइनं काढायचे. वय पंच्याहत्तर, एकटे, उधन्यातच दोन खोल्या. भिंतीभर निवडुंगाच्या फुलांची चित्रं. त्यांनी आम्हाला बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं. तारा त्यांना लहानपणापासून आजोबा म्हणायची. ती दाराशीच उभी राहिली.

"श्रीरंग गेल्यावरही दर रविवारी सकाळी जातो मी," मास्तर सांगत होते. "प्रमिला दार उघडते, खाली चहा टाकते. मी वर जरा बसतो."

चहा होईपर्यंत पंधरा मिनिटं. एक नारळाएवढं झाड कापडी पिशवीत मावायला तेवढी पुरतात. हा हिशेब माझ्याही लक्षात आला.

"श्रीरंगरावांशी तुमचं बिनसलं होतं ना, मास्तर?" जयश्रीनं हळूच विचारलं.

"नावांवरून," ते म्हणाले. "ते झाड मी त्याला दिलं होतं, रोपटं असताना. लोबिव्हिया. पुढे परदेशातल्या कोणीतरी ठरवलं, आता याला एकिनॉप्सिस म्हणा. यानं लगेच लेबल बदललं. मग ते जनुकांचं वेड. मी म्हणालो, अरे, फूल बघ, झाड तुला स्वतः सांगतंय ते कोण आहे. तर म्हणे, भगवान, फूल फसवतं. मी दिलेलं नाव फेकून दिलं त्यानं. वर चार वर्षं धड बोलला नाही, मीही नाही बोललो."

"मास्तर," कुंदन न राहवून म्हणाला, "जनुकं तुमच्या बाजूनं आहेत."

"काय?"

"एकिनॉप्सिस म्हणून जो मोठा गोळा केला होता ना, तो जनुकांनी फोडला. त्यातली बरीच एकमेकांची कोणी नव्हतीच. लोबिव्हियाचं घर पुन्हा वेगळं मांडलंय. श्रीरंगरावांच्या मूळ झाडाचं नाव आज लोबिव्हियाच आहे. तुम्ही म्हणत होता तेच."

मास्तर कुंदनकडे बघतच राहिले. जनुकं वाचणाऱ्या ज्या नळीला त्यांनी इतकी वर्षं शिव्या घातल्या तिनंच त्यांचं नाव परत आणून दिलं होतं. कुठल्या वाटेनं सत्य फिरून येतं, त्याला काही नेम नाही. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता, पण मी नुसता थक्क होऊन बसलो होतो.

"पण तुम्ही गच्चीवर ठेवलेलं झाड लोबिव्हिया नाही," जयश्री म्हणाली. "फूल मात्र लाल आहे. फुलावरच विश्वास ठेवणाऱ्या माणसानं निवडलेलं. चारजणांना मी तपासलं. प्रमिलाला फूल ठाऊक, पण ती पट्टी विसरली नसती. संदीपनं फूल कधी पाहिलं नाही आणि श्रीरंगराव गेल्यावर तो गच्चीवर गेलेला नाही. कुंदनला तपासणी ठाऊक. फूल ठाऊक, तपासणीची खबर नाही, पट्टीची खबर नाही, आणि गच्चीवर एकटा बसू शकतो असा एकच माणूस राहतो."

मास्तरांनी विचारलं, "कसली पट्टी?"

"झाड आणा, दाखवते."

ते नाही म्हणाले नाहीत. मागच्या बाल्कनीत गेले आणि दोन्ही हातांत धरून कुंडी घेऊन आले. जयश्रीनं झाड गोळ्यासकट उपसलं. बारीक मुळांनी एक पट्टी विळखा घालून धरून ठेवली होती. तिनं ती सोडवली, पुसली आणि मास्तरांच्या हातात दिली. लोबिव्हिया. अक्षर श्रीरंगरावांचं नव्हतं.

"हे माझं अक्षर आहे," मास्तर म्हणाले. "मी दिलं तेव्हा खोचलेलं."

"श्रीरंगरावांनी एकही जुनं नाव फेकलं नाही. सगळी मुळांशी जपून ठेवलीत."

मास्तर खाली बसले. मग म्हणाले, "कॉलेजात पाइपनं पाणी मारतील, इथल्या पावसात महिन्यात कुजेल, असं वाटलं मला. माझ्याकडे दहा वर्षांपासून एक लाल फुलाचं होतं, ते ठेवलं. कोणाला फरक कळणार नाही म्हटलं. मी ते विकलं नसतं, तारा."

"प्रमिलाबाईवर आळ आलाय, हे कधी कळलं तुम्हाला?" तारानं दारातूनच विचारलं.

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे, आजोबा."

"रोज म्हणत होतो, उद्या सांगू," मास्तर म्हणाले. त्यांच्याकडे बघवेना.

६

तारानं तिथूनच प्रमिलाबाईला फोन लावून बोलावून घेतलं. ती आली तेव्हा तारा पुढे झाली आणि सगळ्यांसमोर तिच्या पायाला हात लावायला वाकली. प्रमिलाबाईनं तिला मधेच धरलं. लहानपणी जिच्या वेण्या घातल्या ती पाया पडतेय हे तिला सोसवलं नाही.

"सोमवारी कॉलेजात तूच जाणार," तारा म्हणाली. "मी स्वतः सोडायला येते. आणि पोलिसांचं तू सांग. तक्रार करायची तर करू."

सगळे मास्तरांकडे बघत होते. मास्तर पट्टी मुठीत धरून उभे होते. म्हणाले, "कर. मी नाही म्हणणार नाही."

प्रमिलाबाईनं आधी झाड उचललं, बोटांनी मुळं चाचपली, कुठे दुखावलंय का बघितलं आणि परत मातीत नीट बसवलं. मग ती मास्तरांकडे वळली. त्यांच्याशी ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची, तसंच बोलली.

"झाडाचं काही नाही, मास्तर. झाड तुमच्याकडे बी जगलं असतं. पण दर रविवारी मी तुमाले चहा दिला. मले चोर म्हनले आणि तुम्ही घरात बसून राहिले. पोलीस नको. मन्ह्या गल्लीत चला."

रिक्षानं आम्ही पांडेसऱ्यात गेलो. दुपार उतरली होती. गल्लीत बायका दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होत्या. कोणी शिरपूरच्या, कोणी जालन्याच्या, एकदोन घरं बिहारची. प्रमिलाबाई दिसली तशी बोलणी थांबली. चार दिवस बोलणी अशीच थांबत असणार, हे तिच्या चालण्यावरून समजत होतं. ती कोणाकडे न बघता चालायला शिकली होती.

मास्तर गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. सुरतेतल्या निम्म्या गल्ल्यांनी या माणसाची डिझाइनं अंगावर नेसली असतील. त्यांनी घसा साफ केला.

"या बाईनं काही चोरलेलं नाही," ते म्हणाले. "चोरी मी केली. मी भगवान चौधरी. हिच्यावर आळ आला ते मला माहीत होतं आणि मी गप्प राहिलो."

एका दारातली म्हातारी कानाला हात लावून सुनेला हिंदीत विचारायला लागली, हे काय म्हणाले म्हणून. मास्तरांनी तिच्याकडे वळून तेच हिंदीत पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता.

उषाबाई म्हणून शेजारीण, जी बुधवारपासून प्रमिलाबाईच्या अंगणातून जातसुद्धा नव्हती, ती उठली. हातातल्या टिकल्या खाली ठेवून प्रमिलाबाईजवळ आली आणि तिचा हात धरून रडायला लागली. जयश्रीनं डोळे पुसले. मीही पुसले, सांगायला लाज कसली.

मला वाटलं झालं. मास्तरांनाही तसंच वाटलं असावं. ते छत्री सावरून रिक्षाकडे वळले.

प्रमिलाबाईनं उषाबाईचा हात सोडवला. तिचा आवाज चढला नव्हता.

"मास्तर, गल्लीना त्या टोकले बी सांगा," ती म्हणाली. "तठे बी पोचेल शे."

पांडेसऱ्याची गल्ली लांब असते. मास्तरांनी एकदा त्या टोकाकडे बघितलं आणि चालायला लागले. प्रमिलाबाई त्यांच्या बरोबरीनं चालत होती, आणि या खेपेला ती प्रत्येक दाराकडे बघत होती.